पोस्टरवरचे मामंजी

"वैनी, पोस्टर बघितलासा काय?"

पाण्याचा वार होता. इचलकरंजीत नळाला पाणी येतं त्या दिवशी कुणी कुणाच्या घरी जात नाही, जो तो आपापल्या पिंपाशी उभा. पण कंपाउंडच्या भिंतीवरून बोलायला कोण अडवतंय? पलीकडं आक्का पाइप धरून, अलीकडं मी, आणि समोरच्या गच्चीवर टाकी भरली का ते बघायच्या निमित्तानं मामी. टाकी भरून वाहायला लागली तरी मामी खाली उतरत नाहीत, हे गल्लीला ठाऊक आहे.

"कुठलं पोस्टर?" मी वेड पांघरून पेडगावला गेले. खरं म्हणजे सकाळपासून ते जिकडून तिकडून माझ्या मोबाइलवर येऊन पडत होतं.

"कुठलं काय! आमचं मामंजी आल्यात की शिनेमाच्या पोस्टरवर. हिरो ऱ्हायला बाजूला."

"हिरो हाय की," गच्चीवरून आवाज आला. "खाली कोपऱ्यात. आधार कार्डावर असतोय तेवढा."

ज्यांना आमच्या गल्लीतली भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं. आक्कांच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे, आठ मागांचं. ते खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, ह्यांची फक्त मजुरी, आणि तीही पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. मंदी आली की व्यापारी बीम देत नाही आणि माग बंद. अशाच एका मंदीत पुण्याहून एक दिग्दर्शक पोरगा शेड शोधत आला. त्याच्या गोष्टीतला बाप यंत्रमागावरचा कामगार. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून इथं मागांना तोटा नाही. पण बंद पडलेलं, भाड्यानं मिळणारं आणि वर मालकीण चहा पाजणारं शेड त्याला आक्कांकडंच मिळालं. पैसे बेताचे. चित्रपट स्वतंत्र, म्हणजे मागं कंपनी नाही आणि पुढं वितरक नाही. भाऊराव कऱ्हाडेंनी 'ख्वाडा'साठी जमीन विकली होती, हे त्यानं पहिल्याच भेटीत मोठ्या अभिमानानं सांगितलं. आक्कांच्या मालकांनी ते ऐकलं आणि लगेच भाडं आगाऊ मागितलं.

फोटो काढायला पुण्याचा माणूस परवडेना. तेव्हा आक्कांचा पुतण्या पुढं झाला.

"आमचं पोरगं लग्नाच्या ऑर्डरी करतंय, तुम्हाला म्हाईतच हाय," आक्का म्हणाल्या. "बारसं, जावळ, साहेबांचं रिटायरमेंट, काय असंल ते. कॅमेरा हाय, लेन्सा हाईत. डायरेक्टर म्हणाला, येतोस काय? पेट्रोल आणि जेवण देतो. गेलं."

"आणि पहिल्याच दिवशी हाकलून घातलं."

"हाकलून न्हाई वो मामी. समजावून सांगितलं."

"फ्लॅश मारलाता न्हवं?"

फ्लॅशचं खरं आहे. नटी मागाच्या आडोशाला उभी राहून रडते, कॅमेरा हळूहळू तिच्याकडं सरकतो, सगळं शेड चिडीचूप, आणि ह्यानं सवयीनं फ्लॅश उडवला. वर "ताई, जरा इकडं बघा" असंही म्हणाला म्हणतात. पुतण्या ते मान्य करत नाही, मामी सोडत नाहीत. ज्याला दहा वर्षं नवरीची मान वर करायची सवय, त्याला इथं पहिल्यांदा कळलं की सिनेमात कुणी कॅमेऱ्याकडं बघत नाही आणि फोटोवाल्याकडं तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तो लाल टी-शर्ट घालून गेला. तेही चाललं नाही. नट ज्या दिशेला बघून बोलतो त्या रेषेत कुणी उभं राहायचं नसतं, आणि सेटवर वावरायचं तर काळे, मळकट कपडे घालायचे, म्हणजे नटाची नजर तिकडं जात नाही आणि काचेत, स्टीलच्या डब्यात आपलं प्रतिबिंब पडत नाही. पुतण्यानं चुलत्याची जुनी काळी पँट घेतली. मग त्याला जागा मिळाली ती मुख्य कॅमेऱ्याच्या कुशीत, लेन्सच्या डाव्या हाताला, एक गुडघा टेकून. तिथनं जे दिसतं ते सिनेमात दिसणाऱ्या चित्राच्या अगदी जवळचं असतं. बाकी कुठनंही काढलेला फोटो म्हणजे शूटिंगचा फोटो. सिनेमाचा नव्हे.

"आणि ती वाकळ?" मामींनी पुढचा धागा ओढला.

"थांबा, सांगतो की मी!" आक्कांनी पाइप दुसऱ्या पिंपात टाकला. "ती हेडफोनवाली पोरगी होती बघा, आवाजवाली. तिला पत्र्यावर कावळा बसला तरी ऐकू यायचं. डायलॉग असला की माग बंद. आणि आमच्या पोराचा कॅमेरा, खटॅक! परत, खटॅक! ती म्हणाली, एक तर हा राहील न्हाई तर मी."

ज्याच्या आत आरसा उडतो त्या कॅमेऱ्याचा हा दोष. मोठ्या सिनेमांत पूर्वी असा कॅमेरा आतून अस्तर लावलेल्या जाड पेटीत घालून वापरायचे, ब्लिंप म्हणायचे तिला. ती पेटी महाग. मग आक्कांच्या घरातली वाकळ कापली गेली. पुतण्याच्या आईनं तिची पिशवी शिवली, पुढं लेन्सपुरतं भोक, मागं हात जायला बाही. आवाज निम्मा झाला, पोरगं मात्र घामानं निथळलं. शेवटी जयसिंगपूरच्या मित्राकडनं बिनआरशाचा कॅमेरा मागून आणला. त्याला मुकं शटर असतं, बोट दाबलं तरी चकार शब्द नाही. आवाजवाली खूश. पण संध्याकाळी फोटो संगणकावर टाकले तर शेडच्या ट्यूबलाइटखालचा प्रत्येक फोटो पट्ट्यापट्ट्यांचा.

त्याचं कारण पुतण्यानं मला कॅलेंडरच्या पाठीवर काढून दाखवलं. आपली वीज पन्नास सायकलची, म्हणून जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही. मुकं शटर फोटो एकदम घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत येतं. वाचता वाचता उजेड कमी-जास्त झाला की पट्टे उमटतात. चालत्या मागाचा फोटो काढला तर आणखी मजा. मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडं पळणारा धोटा त्या ओळींत सापडून तिरका, वाकडा येतो. मामंजींनी तो फोटो बघून विचारलं म्हणे, "धोटा कुणी मोडला?"

मग तह झाला. दिवसाउजेडी, फायबरच्या पत्र्यातून येणाऱ्या प्रकाशात मुकं शटर. ट्यूबखाली खटॅकवाला कॅमेरा, पण फक्त तालमीच्या वेळी किंवा 'कट' झाल्यावर.

'कट' झाल्यावरची ती दोन मिनिटं हा सगळ्या भांडणाचा गाभा. पद्धत अशी की शॉट झाला की सहायक ओरडतो, "स्टिल!" नट होते तिथं थांबतात, दिवे तसेच राहतात, आणि फोटोवाला आपलं काम उरकतो. छोट्या सिनेमात ही दोन मिनिटं कुणी देत नाही. जनरेटरचं डिझेल जळतं, ऊन उतरतं, हिरोची गाडी वाट बघते. निर्माता म्हणतो, नंतर काढू. नंतर म्हणजे कधी? सेट मोडला, नटाची दाढी उतरली, शेडमध्ये पुन्हा माग सुरू झाले. मला हे फार खटकतं. चहाचे कप मोजतात, डिझेल मोजतात, आणि सगळं संपल्यावर लोकांसमोर धरायला जी एकच गोष्ट लागते तिच्यासाठी दोन मिनिटं निघत नाहीत.

"आता सगळं कंप्युटरवर असतंय," मामी म्हणाल्या. "शिनेमातलंच एक चित्र काढायचं आणि लावायचं. फोटोवाला लागतोय कशाला?"

"निर्माता पण हेच म्हणालाता!" आक्का उसळल्या. "पोरगं मग हिशोबच घेऊन बसलं. वैनी, तुम्ही सांगा त्यो हिशोब, मला आकडे जमत न्हाईत."

हिशोब सोपा आहे. थिएटरबाहेर लागतं ते पोस्टर साधारण २७ इंच रुंद, ४० इंच उंच. उभं. सिनेमाचं चित्र आडवं. चांगल्या फोर-के कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे ४०९६ टिंबं रुंद आणि २१६० टिंबं उंच. त्यातनं उभा तुकडा कापायचा म्हणजे दोन्ही बाजू गेल्या, उरलेली २१६० टिंबं ४० इंचांवर पसरायची. इंचाला आली ५४. पुतण्याचा साधा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरला तर उंचीला ६००० टिंबं, इंचाला १५०. जवळजवळ तिप्पट. शिवाय सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो आणि दर चित्राला शटर साधारण सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उघडं राहतं. तेवढ्यात हात हलला की हाताचा धूर होतो. पडद्यावर तो धूरच चांगला दिसतो, त्यामुळं हालचाल गुळगुळीत वाटते. पोस्टरवर मात्र तो हात पुसल्यासारखा दिसतो.

"म्हणजे निर्मात्याला गप केलं पोरानं," आक्का समाधानानं म्हणाल्या.

"गप केलं, पण पैसे दिले न्हाईत," मामी. मामींचं हे असंच, सुईसारखं.

आता मी जरा माझ्या माहेरचा झेंडा लावते, कारण माझं माहेर कोल्हापूर, आणि पोस्टरचा विषय निघाल्यावर कोल्हापूरच्या माणसानं गप्प बसणं बरं नव्हे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्यावरून शाळेला जाता-येता आम्हाला कधी वाटलं नाही की हा कशाचा. बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर. नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस. त्यांनी दामल्यांच्या मदतीनं सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' आणला. आणि पेंटरच तो, जाहिरात नुसत्या अक्षरांवर कशी भागवेल? चित्रांची रंगीत पोस्टरं केली. त्यांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ सालचं पोस्टर आज शिल्लक असलेल्या भारतीय पोस्टरांतलं सगळ्यात जुनं मानतात.

"ते चित्र होतं, वैनी. फोटो न्हवता."

"मामी, चित्र कशावरून काढायचे?"

हा प्रश्न मामींनाच काय, पुष्कळांना पडत नाही. पुढच्या काळात रंगवलेली पोस्टरं आणि थिएटरवरचे वीस-वीस फुटी बॅनर आले, ते काही नटाला समोर बसवून काढलेले नव्हेत. चित्रकाराच्या हातात सेटवर काढलेले काळे-पांढरे फोटो असायचे. फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर आखायच्या, आणि एकेक घर भरत जायचं. आमच्या कोल्हापूरचे जी. कांबळे असेच. शांतारामबापूंच्या चित्रपटांची पोस्टरं, 'मुघल-ए-आझम'चे बॅनर ह्यांच्या हातचे.

"कोण हे कांबळे?"

"तुम्ही बघितलंय त्यांचं काम. कॉर्पोरेशनात जन्माचा दाखला काढायला गेलात तेव्हा साहेबांच्या डोक्यावर शिवाजी महाराजांचं चित्र होतं ना? सरकारी कचेरीत लावतात ते? ते जी. कांबळ्यांचं."

मामी चक्क गप्प झाल्या. गच्चीवर असा शांतपणा क्वचित.

"बॅनरवाल्यानं काढलंय ते?" जरा वेळानं खालच्या आवाजात.

"बॅनरवाल्यानंच."

चित्रकारांची नावं निदान असं खणून काढता येतात. त्यांना फोटो पुरवणारे कोण होते? मुंबईत दामोदर कामतांनी १९४५ साली कामत फोटो फ्लॅश काढलं, त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी कितीतरी चित्रपटांच्या सेटवर फोटो काढले. राज कपूर-नर्गिस म्हटलं की डोळ्यांपुढं जे येतं त्यातलं बरंचसं त्या स्थिर फोटोंतनं आलेलं असतं, हलत्या सिनेमातनं नव्हे. कोलकात्यात निमाई घोष होते, मूळचे नाटकातले नट. सत्यजित राय ह्यांच्या 'गुपी गाइन बाघा बाइन'पासून त्यांच्या सेटवर कॅमेरा घेऊन उभे राहिले ते रायबाबूंच्या शेवटापर्यंत. ही झाली भाग्यवंतांची नावं. बाकीचे काचेच्या कपाटात गेले. पूर्वी थिएटरच्या दारात काचेच्या कपाटात सिनेमाचे फोटो टाचणीनं लावलेले असायचे, आठवतंय? तिकीट काढायच्या आधी माणसं ते फोटो बघून ठरवायची, मारामारी किती, गाणी किती. ते फोटो कुणी काढले, हे त्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या एकानंही कधी विचारलं नाही. मीही नाही.

"वैनी, तुमचं पाणी सांडालंय."

सांडू दे. मुद्द्याचं राहिलंय. मामंजींचा फोटो निघाला कसा?

हे आक्कांनी तीनदा सांगितलं आणि तीनही वेळा थोडं वेगळं. जुळवून घेतलेलं असं. शॉट होता हिरोनं तुटलेला धागा जोडायचा. हिरो पुण्याचा, नाटकातला, गुणी पोरगा, पण दोन बोटांत धागा धरून गाठ मारणं म्हणजे संवाद पाठ करणं नव्हे. चार वेळा कॅमेरा लागला, चार वेळा गाठ सुटली. डायरेक्टर कपाळ धरून बसला. मामंजी कोपऱ्यात रिकाम्या बीमवर बसून हे सगळं बघत होते. मागावर आयुष्य गेलेला माणूस. कान मागाच्या आवाजानं निम्मे गेलेले, त्यामुळं 'सायलेन्स' आणि 'ॲक्शन' दोन्ही त्यांना सारखंच. ते उठले, सरळ शॉटमध्ये गेले, हिरोला कोपरानं बाजूला सारलं, धाग्याचं एक टोक ओठांत धरलं आणि वाकून गाठ मारायला लागले.

"डायरेक्टर ओरडालाय, आजोबा, आजोबा! ह्यांना कुठलं ऐकू जातंय!" आक्कांना आत्ताही हसू आवरत नव्हतं. "मुख्य कॅमेरा बंद. सगळी हसालीत. आमचं पोरगं तेवढं खाली बसलेलं, त्यानं दाबलं."

चारचा सुमार, फायबरच्या पत्र्यातून तिरपं ऊन. पुढं ताणलेले ताण्याचे धागे, त्यांच्या पलीकडं मामंजींचा वाकलेला चेहरा, ओठांत धागा, डोळे बारीक केलेले. मागं हिरो, पुसट, हात लोंबकळत. आणि वर अर्धा फोटो नुसता शेडचा काळोख.

त्या काळोखाला किंमत आहे. पोस्टर करणाऱ्या माणसाला आधी जागा लागते. सिनेमाचं नाव कुठं लिहू, नटांची नावं कुठं, महोत्सवाची पानांची कंकणं कुठं चिकटवू, खाली श्रेयनामावलीची बारीक ओळ कुठं बसवू. लग्नाच्या फोटोत डोक्यावर एवढी मोकळी जागा सोडली तर गिऱ्हाईक म्हणेल, फोटोवाल्याचा हात बसलेला नाही. सेटवर मात्र शहाणा फोटोवाला तोच प्रसंग तीन-चार प्रकारे काढून ठेवतो: एक आडवा, एक उभा, एक जवळून, एक भरपूर आभाळ ठेवून. आमच्या पुतण्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं कॅमेरा उभा धरला तो पाठीमागं भिंत होती आणि आडवं वळायला जागा नव्हती म्हणून. पण काळोख कापून टाकला नाही, ही त्याची नजर. तेवढं श्रेय मी देते.

पुण्यात पोस्टर करणाऱ्या मुलीसमोर फोटोंचा ढीग गेला. हिरो नदीकाठी, हिरो-हिरॉइन मळ्यात, हिरो पाठमोरा. असले फोटो सगळ्याच सिनेमांचे असतात, पंचगंगेच्या जागी मुळा-मुठा टाकली तरी फरक पडत नाही. तिनं मामंजी उचलले. डायरेक्टर म्हणाला, हे तर सिनेमात नाहीच. ती म्हणाली, सिनेमा ह्याच्यावरच आहे ना?

"मग हिरो भडकला," मामींना ह्या भागाची वाटच होती. "फोन केलाता म्हणं डायरेक्टरला. मी पोस्टरवर न्हाई तर मग मी शिनेमात केलं काय? म्हणाला, आईला काय दाखवू?"

"बरोबर हाय की त्याचं," आक्का अनपेक्षितपणे म्हणाल्या. "सव्वा महिना आमच्यात जेवला. दाढी वाढवली. शेवटी गाठ मारायला शिकला. मामंजींनीच शिकवली. चांगली मारतोय आता."

तोडगा निघाला तो धंद्यातला नेहमीचाच. दोन पोस्टरं. एक महोत्सवांसाठी, त्यावर मामंजी. थिएटरला लागेल तेव्हाचं दुसरं, त्यावर हिरो मोठा. महोत्सवाचा माणूस दिवसभर शेकडो चेहरे बघत असतो, त्याला थांबवायला ओठांत धागा धरलेला म्हातारा बरा. तिकीट काढणाऱ्याला ओळखीचा चेहरा लागतो. छोट्या सिनेमाचं तर असं आहे की सिनेमा पोचायच्या आधी वर्ष-वर्ष त्याचा एक फोटोच गावोगाव फिरत असतो. 'साबर बोंडं'ला २०२५ साली अमेरिकेत सनडान्सला मोठं बक्षीस मिळालं, तेव्हा आपल्याकडं सिनेमा कुणी बघितला होता? पेपरात आला तो फोटो बघितला आपण. त्या फोटोवर मत बनवलं, आणि थिएटरला लागेपर्यंत तेच मत जपलं.

"ते सगळं ऱ्हावू दे. पैशाचं काय?" मामी.

पैशाचं मी माझ्या जावयाला विचारलं होतं. तो कोल्हापुरात वकील. हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून त्याचा फोन लागणं मुश्कील, पण सासूचा उचलतो. तो म्हणाला, कॉपीराइट कायदा १९५७चा, कलम १७. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळं काही ठरलं नसलं, तर फोटोचा पहिला मालक सांगणारा. मोबदला नसला, तर मालक काढणारा. हक्क काढणारा जिवंत असेपर्यंत आणि त्याच्या मागं साठ वर्षं.

"पेट्रोल आणि जेवण दिलंतं की," आक्का काळजीत पडल्या. "ते मोबदल्यात धरायचं काय?"

"मी तेच विचारलं. तो म्हणाला, वाद घालता येईल."

"म्हणजे वकिलाचं चाललं बरं," मामी.

"आणि जेवण तर आम्हीच करून घालत होतो!" आक्कांना एकदम सुचलं. "निर्मात्यानं कुठलं दिलं? भाकरी आमच्या चुलीवरची. पोरगं आमचं आमच्याच घरात जेवलं!"

हा मुद्दा जावयाला सांगायला हवा. कायद्याच्या पुस्तकात नसेल, पण वजनदार आहे.

मामंजींचं तर वेगळंच. पोस्टर छापून झालं आणि मग पुण्याहून एक माणूस कागद घेऊन आला, तुमचा चेहरा वापरायला हरकत नाही अशी सही द्या म्हणून. आधी विचारायचं ते नंतर विचारलं. मामंजींनी कागद वाचला, चष्मा बदलून पुन्हा वाचला. म्हणाले, त्या दिवशी मी मागावर गाठ मारली, म्हणजे काम केलं. माझी हजेरी मांडा. माणसाला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मामंजी चेष्टा करत नाहीत. त्या माणसानं शेवटी एका दिवसाची मजुरी मोजून दिली, मामंजींनी ती मोजून घेतली, मग सही केली. मालकांना म्हणजे त्यांच्या मुलाला ते म्हणाले म्हणे, तू भाडं आगाऊ घेतलंस ते शहाणपणाचं केलंस.

पुतण्याचं नाव मात्र पोस्टरवर आहे. मी चष्मा लावून, मोबाइलवर दोन बोटांनी ताणून ताणून शोधलं. अगदी तळाला, मुंगीच्या रांगेत, 'स्थिरछायाचित्रण' आणि पुढं नाव. आडनाव चुकलंय. आक्कांना मी ते सांगितलेलं नाही.

"कोल्हापूरच्या फेस्टिवलला लावणार म्हणं," आक्का म्हणाल्या. "बाबूराव पेंटरांच्या नावाची सोसायटी करती बघा, त्यात. घेतला तर आम्ही सगळी जाणार. ट्रॅक्स करणार. तुम्ही पण चला, वैनी. मामी, तुम्ही?"

"मी बघतो," मामी म्हणाल्या. "तुमच्या पोराचं काय चाललंय ते आधी बघा. लग्नाच्या ऑर्डरी घालवालंय सगळ्या."

हे मला नवीन होतं.

"काय झालंय काय?" मी विचारलं.

"कबनूरचं लग्न केलं न्हवं त्यानं परवा? अल्बम आला. नवरी खिडकीतनं बाहेर बघालीय. नवरा बुटाची नाडी बांधालाय. नवरीची आत्या हळदीच्या ताटात वाकलीया आणि वर अर्धा फोटो काळोख! एकात कुणी कॅमेऱ्याकडं बघत न्हाई. पोरीच्या आईनं अल्बम परत पाठवला. म्हणाली, पावणे ओळखू येईनात, अहेर कुणी केला ते कळंना, पैसे कशाचे देऊ?"

आक्कांनी नळ बंद केला. "ते म्हणालं त्यांना, काकू, चांगल्या फोटोत माणसं कॅमेऱ्यात बघत न्हाईत."

"मग शिनेमाचीच कामं कर म्हणावं. पेट्रोलवर आणि जेवणावर." मामींनी टाकीचं झाकण लावलं आणि जिन्याकडं वळता वळता थांबल्या. "माझ्या पोरीचं मार्चात हाय. ऑर्डर त्यालाच देणार मी, गल्लीतलं पोरगं म्हणून. पण सांगून ठेवा आक्का त्याला, सगळ्यांनी कॅमेऱ्यात बघायचं. एकूण एक. आणि फ्लॅश मारायचा."